बटणाची झिजलेली जागा

घुबडराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. काचेच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं रात्रपाळी केली, तीही मागून घेतलेली, म्हणून भट्टीवरच्या मंडळींनी हे नाव चिकटवलं आणि ते निवृत्तीच्या निरोपसमारंभातल्या भाषणांपर्यंत टिकलं. काम उपकरणांचं. फिरत्या कागदावर एक पेन भट्टीच्या तापमानाची रेघ ओढत राहायचं आणि घुबडरावांनी त्या रेघेवर नजर ठेवायची. रेघ जरा थरथरली की ते बसल्या जागेवरून सांगायचे, "तीन नंबरचं दार कोणीतरी उघडं टाकलंय." आणि खरंच टाकलेलं असायचं. आकडा एका क्षणापुरतं बोलतो, रेघ सगळी हकिकत सांगते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या माणसाला ते पहिल्या रात्री ऐकवलं जायचं, आणि त्यानंतर दर रात्री.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि चारच महिन्यांत त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना तीन महिने म्हणाली होती. त्याला आता चौदा महिने झाले होते.

भांडण वगैरे काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवता आलं असतं. लेकीचं शहर एका रात्रीच्या प्रवासावर. आधी बाळ अशक्त होतं, मग लेकीची नोकरी सुरू झाली, मग बाळाला आजीशिवाय झोप येईना. आता बाळ पाळणाघरात रमायला लागलं होतं, तरी बायको तिथेच होती. घुबडराव एकदा आठ दिवस राहून आले होते. दिवसभर बाळाचं रडणं, मिक्सर, टीव्ही. सव्वीस वर्षं दिवसा झोपलेला माणूस तिथे कावून गेला आणि ठरल्या दिवसाच्या आधीच परतला.

दर रविवारी फोन व्हायचा. "जेवलात?" "हो." "गोळी घेतली?" "घेतली. तू?" "मी बरी आहे." मग बाळाला फोनवर आणलं जायचं, बाळ फोन चाटायचं, आणि संपलं.

गेल्या रविवारी मात्र लेक मध्येच म्हणाली, "बाबा, आम्ही मोठं घर बघतोय. आईला वेगळी खोली होईल. आई म्हणते, बाबांना विचार. पुढच्या रविवारी घरमालकाला कळवायचंय. काय करू?"

घुबडरावांच्या घशाशी एक वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "तिची मर्जी."

आपण मोठ्या मनाने बोललो असं त्यांना वाटलं. फोन स्पीकरवर होता, बायको शेजारीच बसली होती. ती "बरं" म्हणाली. इतक्या वर्षांत तिचं "बरं" त्यांनी हजारदा ऐकलं होतं, पण हे "बरं" कानात अडकून बसलं.

घर खायला उठतं म्हणतात, ते घुबडरावांना आता कळत होतं. दोन कप घेऊन चहा ओतायला लागायचे आणि मग एक कप परत फळीवर ठेवायचे. तिची चप्पल दाराशी होती, जुनी, टाच झिजलेली. ती त्यांनी चौदा महिन्यांत हलवली नव्हती, आणि झाडताना केरसुणी तिच्या भोवतीने फिरवायचे. हे कोणी पाहिलं असतं तर त्यांना लाज वाटली असती.

सोमवारी सकाळी त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या रेडिओवर गेली. लाकडी बाजूंचा, पुढे कापड लावलेला जुना रेडिओ. जाताना बायको म्हणाली होती, "मी येईपर्यंत तेवढी रेडिओची खरखर बघा हो." तसं ती हे दहा वर्षं म्हणत होती. कारखान्याची उपकरणं टकाटक आणि घरचा रेडिओ घसा बसल्यासारखा, म्हणजे दिव्याखाली अंधार. "चालतोय ना?" एवढंच घुबडराव म्हणायचे आणि झोपायला जायचे. आता त्यांच्या मनाने घेतलं की ही खरखर गेली, तर ती येईल. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

रेडिओ उघडला. खरखर आवाजाच्या बटणाशी होती. चालू-बंद करायचं बटण तेच, 'कट्' करून पुढे फिरवलं की आवाज वाढत जातो. आत घोड्याच्या नालासारखी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक पातळ पत्रा सरकतो. तो जितका पुढे जाईल तितका रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि आवाज बदलतो. पट्टी झिजली की खरखर. यात काही गूढ नव्हतं, बटण बदललं की काम झालं. पण त्याच्या पाठीवरचा आकडा पुसून गेला होता.

"काका, चालू-बंदसकटचं हे बटण आता येत नाही," पार्टवाला म्हणाला. त्याच्या दुकानात माणसाला वळायला जागा नव्हती, पण जगातला प्रत्येक स्क्रू होता. "किती ओमचं आहे ते मोजून आणा, मग जुन्या डब्यांत शोधतो. आणि एवढी वर्षं कुठे होतात?"

"झोपलो होतो," घुबडराव म्हणाले.

मोजायचं कशाने? त्यांचं मीटर कारखान्याचं होतं, ते निवृत्तीच्या दिवशी परत केलेलं. तेव्हा त्यांना जावयाने दिलेला खोका आठवला. त्यात काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, म्हणजे सांगाल ते काम करणारा चिमुकला संगणकच होता, एक इवलासा पडदा, थोड्या वायरी. "घ्या बाबा, वेळ जाईल," असं जावई म्हणाला होता. वेळ जायला मी काय रांगेत उभा आहे का, असं मनात म्हणून घुबडरावांनी तो खोका माळ्यावर टाकला होता. आता तो खाली आला.

मीटर बनवायची कल्पना तशी साधी. ज्याचं माप ठाऊक आहे असा एक रेझिस्टर घ्यायचा आणि ज्याचं माप हवंय तो त्याला जोडायचा. दोघांना मिळून पाच व्होल्ट द्यायचे. दोन भावंडांत एक पाव वाटावा तसे ते वाटले जातात, ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याला मोठा तुकडा. बोर्डाने जोडावरचा वाटा मोजायचा, भागाकार करायचा आणि उत्तर पडद्यावर टाकायचं. कागदावर हे पाच मिनिटांत झालं. घरच्या जुन्या संगणकावर त्याचा प्रोग्रॅम लिहिण्यात मात्र अख्खा मंगळवार गेला. संध्याकाळी कळलं की एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. संगणकाने ते सकाळपासून सांगितलं होतं, पण घुबडराव त्याचं कशाला ऐकतील!

बुधवारी पडदा उजळला. दहा किलोओमचा रेझिस्टर लावला, तर नऊ पूर्णांक शहाण्णव दिसलं. पण नुसत्या आकड्यावर या माणसाचं समाधान कसं व्हायचं? त्यांना रेघ हवी होती. पडदा एकशेअठ्ठावीस ठिपके रुंद होता. दर सेकंदाच्या दहाव्या भागाला एक माप घ्यायचं, त्याचा एक ठिपका टाकायचा आणि मागच्याला जोडायचा. तेरा सेकंदांत रेघ या कडेपासून त्या कडेला पोचायची, मग पडदा पुसून पुन्हा सुरू. पहिली रेघ सरळ, न डगमगता गेली. कारखान्यातल्या त्या पेनानंतर दीड वर्षाने घुबडरावांनी पुन्हा स्वतःच्या हाताखाली रेघ चालताना पाहिली.

"अगं, हे बघ—" ते वळून म्हणाले.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. त्यांनी उठून तो घट्ट केला, आणि मग थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मिळालेलं दाखवायला माणूस नसेल, तर मिळूनही काय करायचं, असं त्यांना मनापासून वाटलं. दहा वर्षांपूर्वी ती नेमकी याच जागी उभी राहून त्यांना काहीतरी दाखवत असेल आणि ते जांभई देत असतील.

मग रेडिओचं बटण मीटरला जोडलं आणि हळूहळू फिरवलं. रेघ आधी सावकाश, मग भराभर चढत जायला हवी होती. तसं झालं नाही. 'कट्' झाल्याझाल्या रेघेचं झुडूप झालं. ठिपके वर, खाली, कुठेही. मग ती सुधारली. अर्ध्याच्या पुढे एकदा किंचित थरथरली आणि नंतर शहाण्यासारखी वर गेली.

सुरुवातीची पट्टी एवढी खराब असणं शक्यच नाही, असं घुबडरावांनी ठरवलं. तिथे बटण कोण ठेवतं? तिथे तर काही ऐकूच येत नाही. म्हणजे दोष मीटरचा. गुरुवारभर त्यांनी वायरी बदलल्या, सोल्डरचे जोड पुन्हा केले, बोर्डाला, पडद्याला आणि जावयाला नावं ठेवली. झुडूप तिथल्या तिथे. शेवटी उपकरणं सांभाळणारा कुठलाही माणूस जे करतो, ते त्यांनी केलं. मागच्या सोळा मापांची सरासरी काढून तीच रेघेला द्यायची, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. रेघ लोण्यासारखी झाली. झुडूप गेलं, थरथर गेली. बटण पन्नास किलोओमचं निघालं. घुबडराव खूश होऊन लवकर झोपले.

शुक्रवारी पार्टवाल्याने बिस्किटांच्या एका गंजक्या डब्यातून तसंच नवं बटण काढून दिलं. "शेवटचं आहे हं काका. आता पुन्हा झोपू नका."

घरी आल्यावर त्यांनी सवयीने नवं बटणही मोजलं. रेघ गुळगुळीत. मग मनात आलं, ती सरासरीची ओळ काढली तर मीटरचा दोष याच्यावरही दिसेल, एकदा बघून घ्यावं. ओळ काढली. नवं बटण फिरवलं. रेघ तशीच स्वच्छ, कुठेही ओरखडा नाही.

जुनं लावलं. 'कट्', आणि झुडूप.

पुन्हा नवं, पुन्हा जुनं. तीनदा केलं. मीटर बिचारं पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं घुबडरावांचं झालं होतं. त्याहून वाईट म्हणजे, खरं दिसत असताना त्यांनीच सरासरी काढून ते पुसलं होतं.

मग त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि भट्टीची रेघ वाचायचे तशी ती रेघ वाचायला घेतली.

पुढची थरथर कोणाची ते कळत होतं. ती त्यांची स्वतःची. संध्याकाळी कामावर निघायच्या आधी बातम्या, भट्टीच्या पंख्यांनी कान बोथट झालेले, म्हणून आवाज मोठा. रोज बटण तिथवर जायचं आणि थांबायचं. पण सुरुवातीचं झुडूप? तिथून बटण नुसतं पुढे जातं, आणि जाता जाता झीज होते ती सगळीकडे सारखी. एकाच जागी पट्टी एवढी खरवडली जाते, ती त्या जागी बटण केसभर पुढे, केसभर मागे होत राहिलं तर. एकदोनदा नव्हे, हजारो वेळा, वर्षानुवर्षं.

त्यांनी जुनं बटण तात्पुरतं रेडिओत बसवलं, 'कट्' केलं आणि त्या जागी ठेवलं. खरखर, आणि खरखरीच्या खाली कुठेतरी कुजबुज. कान कापडाला टेकवला तेव्हा कुठे एक बाई काहीतरी बोलतेय असं कळलं. शब्द लागेनात. कान टेकवण्यासाठी मान वळवावी लागली, आणि वळवल्यावर समोर आलं झोपायच्या खोलीचं दार. दारातून पलंगाची अर्धी बाजू दिसत होती. त्यांची बाजू.

सकाळी नऊ ते दुपारी तीन ते तिथे झोपलेले असायचे. सव्वीस वर्षं. ती इथे उभी असायची, कान कापडाला, डोळे पलंगावर. जरा वाढवायची. त्यांनी कूस बदलली की कमी करायची. पुन्हा जरा वाढवायची.

कारखान्यात ते अभिमानाने सांगायचे, "आमच्या घरात दिवसा टाचणी पडली तरी ऐकू येईल. बायकोचा आवाज म्हणून नाही." लोक हेवा करायचे. घुबडराव स्टुलावर बसले आणि त्यांना रडू आलं. आधी लाज वाटली म्हणून, आणि मग नुसती ती हवी होती म्हणून. आत्ता, इथे, मोठमोठ्याने बोलत.

शनिवारी सकाळी त्यांनी नवं बटण नीट सोल्डर करून बसवलं. जुनं बटण कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. दोनला दहा कमी असताना त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगंबाई, काय झालं?" ती कुजबुजली. "आज शनिवार आहे ना? बरं आहे ना तुम्हाला?"

"बरा आहे. तू हळू का बोलतेस?"

"बाळ झोपलंय. ही दोघं घर बघायला गेलीत. तुम्ही बोला."

म्हणजे तिथेही तेच. घुबडराव म्हणाले, "एक विचारायचं होतं. मी झोपलेला असताना तू रेडिओवर काय ऐकायचीस?"



"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बटणाने. एका जागी झिजलंय ते."

"नाटक लागायचं दुपारी," ती म्हणाली. "दोन ते अडीच. अर्धंअधिक ऐकू यायचंच नाही. मधलं मी माझं घालायचे."

"आणि शेवट?"

"शेवट कुठला ऐकायला! सव्वादोन झाले की तुमची चुळबुळ सुरू. मग मी बंदच करायचे. शेवट मीच लावायचे, भांडी घासता घासता. लेकीला तोच सांगायचे. तिला वाटायचं, रेडिओवर तसंच झालं."

म्हणजे लेकीलाही ठाऊक होतं. घरात एकट्या त्यांनाच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "खरखर बघा, खरखर बघा. दहा वर्षं सांगत होते."

त्यांनी खिशातलं बटण चाचपलं. "ऐक," ते म्हणाले. "गेल्या रविवारी मी म्हणालो ना, तिची मर्जी, ते खोटं होतं. मला भीती वाटली. तुला ये म्हणावं आणि तू नाही म्हणावंस, अशी भीती. तू ये. तुझ्याशिवाय मला करमत नाही. इथे कशाला येऊ असं विचारलंस, तर माझ्याकडे उत्तर नाही. तू इथे असताना मी झोपलेलाच होतो. पण खरखर गेलीय. या आठवड्यात मी तेवढं केलंय."

ती एकदम म्हणाली, "दोन वाजले का हो?"

"वाजले."

"अजून लागतं का ते?"

त्यांनी रेडिओ चालू केला. 'कट्', आणि एका बाईचा आवाज आला, स्वच्छ. त्यांनी फोन कापडाजवळ धरला.

"नीट नाही येत," ती म्हणाली. "थांबा, मी बाहेर गॅलरीत जाते." दार सरकल्याचा आवाज झाला, आणि मग ती तिच्या खऱ्या आवाजात बोलली. घुबडरावांनी तो आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. "हां. मोठा करा."

त्यांनी बटण फिरवलं.

"अजून."

बटण त्यांच्या बातम्यांच्या जागेपर्यंत आलं.

"अजून मोठा करा हो!"

बटण त्या जागेच्याही पुढे गेलं. फळीवरचे पेले किणकिणायला लागले. "अहो, हे मी ऐकलंय!" ती म्हणाली. "दोघी बहिणींचं आहे हे. थोरली घर विकायला निघते बघा." आणि मग गप्प झाली, ऐकायला लागली.

घुबडराव फोन धरून उभे राहिले. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचे. सव्वादोन झाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलं आणि हात जरासुद्धा हलू दिला नाही. थोरल्या बहिणीने घर विकलं नाही, धाकटीने तिची माफी मागितली, वाद्यं वाजली आणि नाटक संपलं. अडीच वाजले होते.

त्यांनी फोन कानाला लावला. "संपलं."

"हा काय शेवट झाला?" ती रागाने म्हणाली. तिचा आवाज मात्र ओला होता. "माझा याहून कितीतरी बरा होता."

"सांग मग."

"फोनवर? एवढं मोठं कोण सांगणार फोनवर!" आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. "उठलं वाटतं. जाते मी. लेक आली की तिला सांगते, एक खोली कमी असलेलं घर बघ म्हणून."

घुबडरावांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"आणि ऐका," ती म्हणाली, "तो आवाज तसाच राहू द्या. कमी करू नका."

फोन बंद झाला. रेडिओवर आता कोणीतरी हवामान सांगत होतं, अख्ख्या घरभर. घुबडरावांनी बटणाला हात लावला नाही.